नव्वद रुपयांची कोंबडी



या पानांवर आजवर कापूस आणि ज्वारी यांचाच हिशेब मांडला गेला. हमीभाव, खरेदी केंद्र, आडत, हमाली, कर्ज, वीजबिल. आज कोंबडीचा हिशेब मांडायचा आहे. कोणाला हसू आले तर येऊ द्या. मागच्या बैठकीतही आले होते. कापसाच्या उत्पादन खर्चाचा तक्ता फळ्यावर मांडून झाला आणि 'कोणाला काही विचारायचे आहे का' असे म्हटले, तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, एका कोंबडीला वर्षाला काय खर्च येतो, तेही मांडा ना." सगळा मांडव हसला. फळ्यापाशी उभे असलेले आम्हीही हसलो. ती हसली नाही. पदर सावरून खाली बसली.

घरी आल्यावर मात्र लाज वाटली. कापसाच्या क्विंटलचा खर्च पैशापर्यंत सांगणाऱ्या आम्हाला आमच्याच अंगणातल्या कोंबडीचा खर्च सांगता आला नसता. जो माल पिकतो त्याचा खर्च मांडा, घामाचा दाम मागा, असे गावोगाव सांगत फिरायचे आणि घरातल्या बाईच्या घामाचा माल मात्र फुकटचा धरायचा! त्या बाईला बैठकीत उत्तर दिले नाही, ते आज देत आहोत.

फुकट काहीच नसते

कोंबडी फुकटात जगते, असे गावात लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांना वाटते. उकिरडा उकरते, किडे-वाळवी टिपते, दिवेलागणीला आपसूक खुराड्यात शिरते, सकाळी अंडे देते. यात आपले काय गेले? ज्याला असे वाटते त्याने आठ दिवस घरच्या बाईच्या मागे फिरून बघावे.

पहाटे खुराडे लवकर उघडून चालत नाही, मुंगूस आणि रानमांजर त्याच वेळी फिरत असते. उशीर केला तर आत कोंबड्या एकमेकींना टोचून रक्त काढतात. उघडण्याआधी एकेक कोंबडी धरून चाचपायची. जिला आज अंडे आहे तिला डालग्याखाली ठेवायची. नाही ठेवली तर ती शेजारच्या कडब्याच्या गंजीत किंवा पऱ्हाटीच्या ढिगात जाऊन अंडे घालणार, आणि वर साऱ्या आळीला ओरडून सांगणार. मग ते अंडे गंजीवालीचे की कोंबडीवालीचे, यावरून भांडण. पेरणीच्या दिवसांत भांडणाचे कारण वेगळे. कोंबडीने शेजाऱ्याचा पेरलेला तास उकरला की दोन घरांत महिनाभर अबोला.

हे भांडण तरी मिटते. औषध लावलेले बियाणे कोंबडीने खाल्ले तर ती संध्याकाळी घरी येत नाही. म्हणून पेरणीचा आणि फवारणीचा आठवडा कोंबड्या कोंडून ठेवाव्या लागतात, आणि कोंडलेल्या कोंबडीला दाणा घरचा घालावा लागतो. कापूसवाल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. सरकी आणि सरकीची ढेप म्हशीला चालते, कोंबडीला नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेले की अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो. गिऱ्हाईक म्हणते अंडे सडके आहे, आणि बाईचा पैसा बुडतो. अंडे सडलेले नसते, ढेपीच्या पाटीत कोंबडीची चोच गेलेली असते.

कोंबडी खुडूक झाली की दुसरी चिंता. पिसे फुगवून बसते, जवळ गेले की टोचते, अंडी देणे बंद. घरात चांगली अंडी साठलेली असतील तर आनंदाची गोष्ट. भुसा किंवा राख घातलेल्या टोपलीत दहा-बारा अंडी मांडून तिला बसवायचे. ही अंडी आठवड्यापेक्षा जुनी चालत नाहीत. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडावर एकेक अंडे धरून बघायचे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर ठेवायचे, आरपार उजेड दिसला तर ते वांझ, काढून टाकायचे. एकवीस दिवस रोज दाणा-पाणी जाग्यावर. चैत्र-वैशाखात बसवली तर उन्हाने अंडी जातात. जुन्या बाया टोपलीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. लोखंडाने वीज अडते असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या निमित्ताने टोपली रोज नजरेखालून जाते, हा फायदा खरा.

पिल्ले निघाली की घार. घार गेली की बोका. कवच पातळ पडायला लागले की अंड्यांची टरफले कुटून घालायची, नाहीतर कोंबडी स्वतःचेच अंडे फोडून खायला शिकते आणि ती सवय मग सुटत नाही. उवा झाल्या की लोळायला चुलीची राख पसरायची. हे सगळे काम आहे, आणि हे सगळे ज्ञानही आहे. कोणत्याही विद्यापीठाने ते बाईला दिलेले नाही. ते तिने आपल्या आईकडून आणि सासूकडून घेतले, आणि त्याची मजुरी आजवर कोणी धरलेली नाही.

जोडधंद्याचे पुराण

दुष्काळ पडला, बोंडअळी आली, भाव कोसळला की पुढारी आणि साहेब लोक गावात येतात. कापसाच्या भावाचे विचारले की खाली बघतात आणि म्हणतात, "नुसत्या शेतीवर कशाला अवलंबून राहता? जोडधंदा करा. कोंबड्या पाळा."

हा उपदेश आपण किती वर्षे ऐकतो आहोत! कापड गिरणीच्या मालकाला कोणी म्हणते का, की कापड तोट्यात जाते ना, मग गिरणीच्या अंगणात कोंबड्या पाळा? साहेबाला कोणी म्हणते का, की पगार पुरत नाही ना, मग बंगल्यामागे खुराडे घाला? मुख्य धंदा तोट्यात ठेवायचा आणि त्याचा तोटा जोडधंद्याने भरून काढा म्हणायचे, याचा सरळ अर्थ असा की शेतकऱ्याने कापूस पिकवून गिरणीला स्वस्तात द्यावा आणि त्याच्या बायकोने अंडी विकून घरचे मीठ-मिरची भागवावी. म्हणजे गिरणीला मिळणाऱ्या स्वस्त कापसाची किंमत शेवटी कोंबडीवाली बाई भरते.

दुसरे असे की ज्या बाईच्या घरी तीन पिढ्यांपासून कोंबड्या आहेत तिलाच 'कोंबड्या पाळा' म्हणून शिकवायला माणूस येतो. योजनाही तशाच येतात. अनुदानावर शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट. एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअसची ऊब लागते, पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. अंगणात ही ऊब कोंबडी पंखाखाली देते. शंभर पिल्लांना पंख नसतो, बल्ब लागतो. रात्री वीज गेली की पिल्ले उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी बाई टोपलीभर मेलेली पिल्ले उकिरड्यावर टाकते. योजनेच्या कागदावर लाभार्थीची नोंद मात्र झालेली असते.

इथे गैरसमज नको. सुधारित जातींना आमचा विरोध नाही. हैदराबादच्या केंद्रीय संस्थेने तयार केलेली वनराज, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज या कोंबड्या गावरानपेक्षा जास्त अंडी देतात आणि लवकर वजन धरतात. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, या शंभराच्या वर जातात. ज्याला हव्यात त्याने आणाव्यात. शेतकऱ्याला कोणतेही तंत्रज्ञान घ्यायचे आणि नाकारायचेही स्वातंत्र्य असले पाहिजे, ही आपली भूमिका बियाण्याच्या बाबतीत आहे, तीच कोंबडीच्या बाबतीत. पण विकणाऱ्याने आणि वाटणाऱ्याने पूर्ण गोष्ट सांगितली पाहिजे. या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे पिल्लू दर वेळी विकत आणणे आले. संकरित बियाण्यासारखेच हे आहे, घरचे बी चालत नाही. अंगाने जड असल्याने त्यांना घारीपासून पळताही येत नाही. हे ठाऊक असून घेतले तर तो व्यवहार. ठाऊक नसताना गळ्यात मारले तर ती फसवणूक.

फसवणुकीचा मोठा धडा 2019 साली मिळालाच आहे. झाबुआच्या काळ्या कडकनाथ कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचे नाव झाले. मग पिल्ले महागात विकायची आणि 'अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ' असे कागदावर लिहून द्यायचे, असा धंदा पश्चिम महाराष्ट्रात उभा राहिला. 2019 मध्ये तो बुडाला आणि शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कोंबडीचा यात दोष काय? माल कोण घेणार, कोणत्या भावाने घेणार, हे बाजारात न बघता करारावर विश्वास ठेवला, इथे आपले चुकले.

आता हिशेब

त्या बाईने मागितलेला हिशेब हा असा. घरात चार गावरान कोंबड्या आहेत असे धरू. आकडे आमच्या अंदाजाचे आहेत, तुमच्या घरचे वेगळे असतील. रीत मात्र हीच ठेवा.

एक कोंबडी दिवसभर उकरून खाते, तरी सांज-सकाळ मिळून 40 ग्रॅम ज्वारी घालावी लागते. वर्षाची झाली 14.6 किलो. केंद्र सरकारने 2025-26 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये जाहीर केला. म्हणजे किलोला 37 रुपये. एका कोंबडीची ज्वारी झाली 540 रुपयांची.

ती वर्षाला 55 अंडी देते. त्यांतली 24 अंडी दोन वेळा मिळून उबवायला ठेवली. 18 पिल्ले निघाली. घार, बोका, मुंगूस आणि मर यांतून विकण्याजोगी झाली 8. एकेका पिल्लाला सहा महिने सरासरी 25 ग्रॅम दाणा धरला तर साडेचार किलो, आठांना 36 किलो, म्हणजे 1,332 रुपये. मेलेल्या पिल्लांनी खाल्लेले सोडून दिले.

बाईची मजुरी. चार कोंबड्यांमागे दिवसाला फक्त अर्धा तास धरू. वर्षाचे झाले साडेएकशेब्याऐंशी तास, आठ तासांच्या दिवसाने 23 दिवस. 2025-26 मध्ये रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला 312 रुपये होती. त्या दराने 7,176 रुपये. एका कोंबडीमागे 1,794.

एकूण खर्च 3,666 रुपये. कोंबडा, खुराडे, औषधपाणी धरलेलेच नाही.

उत्पन्न: आठ पक्षी 400 रुपयांप्रमाणे 3,200. उरलेली 31 अंडी 10 रुपयांप्रमाणे 310. एकूण 3,510.

एका कोंबडीमागे तोटा 156 रुपये!

बघा, फळ्यावरच्या कापसाच्या तक्त्यात आणि या तक्त्यात फरक काय राहिला? घरच्या माणसाची मजुरी शून्य धरली की दोन्ही धंदे नफ्याचे दिसतात. मजुरी धरली की दोन्ही तोट्याचे. कापूस आपल्या अंगमेहनतीवर जगतो, कोंबडी बाईच्या. 'फुकटची कोंबडी' या शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे की तिच्या मालकिणीला कोणी मजुरी देत नाही.

पण हिशेब मांडल्याचा एक फायदा होतो. पैसा कुठून गळतो ते दिसते. याच तक्त्यात आठऐवजी बारा पक्षी जगले असे धरा. ज्वारी वाढेल 666 रुपयांची, उत्पन्न वाढेल 1,600 रुपयांनी. तोटा जाऊन 778 रुपये नफा. चार पक्षी जास्त जगले तर धंदा फिरतो. म्हणजे प्रश्न अनुदानाचा नाही आणि जातीचाही नाही. प्रश्न पक्षी जगवण्याचा आहे. आणि पक्षी मरतात कशाने?

मर

घार एका वेळी एक पिल्लू नेते. मर आली की खुराडे रिकामे करते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला कोंबड्या चोच वासून धापा टाकतात, हिरवट-पांढरे हगतात, पंख गळतात, मान वाकडी होते. आपण मानमोडी म्हणतो, डॉक्टर राणीखेत म्हणतात. लागण झाल्यावर त्यावर औषध नाही. आधी लस टोचणे हा एकच उपाय.

ही लस नवी नाही आणि महागही नाही. सरकारची स्वतःची लस तयार करणारी संस्था पुण्यात औंधला आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर कातडीखाली आरटूबी लसीचे इंजेक्शन, एवढेच मुख्य काम. मग गावोगाव मर का लागते?

लसीच्या कुपीमुळे. कुपी येते शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांची. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाणी घालून कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. बाईकडे कोंबड्या बारा. बारा कोंबड्यांसाठी कुपी फोडायला दवाखाना तयार नसतो, आणि बाईला विकत आणून फोडणे परवडत नाही. ज्याच्याकडे पाच हजार पक्ष्यांचे शेड आहे त्याच्यासाठी कुपी बरोबर मापाची आहे. कुपीचे माप ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेडवाला होता, अंगणवाली नव्हती.

यावर मोर्चा काढण्याची वाट बघायला नको. गावातल्या वीस घरांनी एक दिवस ठरवला तर शंभराची कुपी सहज संपते. कोंबड्या खुराड्यात असतात तेव्हा, म्हणजे भल्या पहाटे किंवा रात्री, टोचणे सोपे जाते. तालुक्याच्या दवाखान्यात आधी लेखी कळवा, बर्फाचा डबा आपला न्या. सरकारने आपले काम केले पाहिजे ही मागणी सोडायची नाही, पण सरकार येईपर्यंत खुराडे रिकामे होऊ द्यायचे नाही.

आणखी एक गोष्ट आपसांत कबूल केली पाहिजे. मर लागली की आपणच दुखणाईत कोंबड्या घाईने बाजारात काढतो. विकत घेणारा ती घरी नेऊन आपल्या कोंबड्यांत सोडतो आणि रोग त्या गावात जातो. पुढच्या वर्षी त्याच बाजारातून तो आपल्या गावात परत येतो. बाजारातून आणलेली कोंबडी निदान पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवा. आजारी कोंबडी विकू नका. मेलेली पुरा, ओढ्यात फेकू नका.

नव्वद रुपये

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, देशात पहिल्यांदा. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात निघाला. शेडमधले लाखो पक्षी मारले, आणि त्याच घेऱ्यात अंगणातल्या कोंबड्याही पकडून मारल्या. पुढे जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला तोच रोग निघाला. पुन्हा एक किलोमीटरचा घेरा, पुन्हा पोती, पुन्हा खड्डे.

रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून पक्षी मारावे लागतात, हे आम्हाला मान्य आहे. त्यात अडथळा आणा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. पण समाजाच्या भल्यासाठी माझी मालमत्ता नष्ट करायची असेल तर तिची किंमत समाजाने भरली पाहिजे, हेही तितकेच उघड आहे. 2021 मध्ये ती किंमत काय ठरली? आठ आठवड्यांवरील अंडी देणाऱ्या पक्ष्याला 90 रुपये. त्याहून लहान असेल तर 20 रुपये. अंड्याला 3 रुपये.

नव्वद रुपयांत अडीच किलो ज्वारी येत नाही. सहा-सात महिने दाणा घालून, घारीपासून आणि मुंगसापासून राखून अंड्यावर आणलेल्या कोंबडीला सरकारने तिच्या साठ दिवसांच्या दाण्याचीच किंमत दिली. हा दर शेडमधल्या पांढऱ्या कोंबडीकडे बघून काढलेला आहे. ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि पुढे मोडीच्या भावाने जाते. अंगणातली गावरान कोंबडी बाजारात चारशेच्या खाली कोणी देत नाही, आणि तिच्या पोटात पुढची पिल्ले असतात. दोघींना एका तागडीत घालणे म्हणजे लांब धाग्याचा कापूस आणि कवडी कापूस एका भावाने मोजणे.

हे शक्यच नव्हते असे म्हणू नका. त्याच 2021 च्या जानेवारीत केरळ सरकारने दोन महिन्यांवरील पक्ष्याला 200 रुपये आणि अंड्याला 5 रुपये जाहीर केले. रोग एकच, देश एकच, महिना एकच. कोंबडीची किंमत मात्र दुप्पट.

आणि यातली सर्वांत वाईट अट तर वेगळीच आहे. भरपाई मिळते ती सरकारी माणसांनी मारलेल्या पक्ष्याची. आधीच रोगाने मेलेल्या पक्ष्याची नाही. याचा परिणाम काय होतो? ज्या बाईच्या कोंबड्या पहिल्यांदा मेल्या, जिच्यामुळे रोग कळला, तिला काहीच नाही. आज चार मेल्या आणि तिने कळवले, तर उरलेल्या आठ सरकारी दराने जाणार. म्हणून ती गप्प बसते, नाहीतर आठही रातोरात बाजारात जातात. सरकारच म्हणते रोग लपवू नका, आणि सरकारचाच दर म्हणतो लपवा. खऱ्या भावाने भरपाई दिली तर रोग पहिल्या दिवशी कळेल. स्वस्तात काम उरकायला जाणाऱ्या सरकारला शेवटी हजारो पक्षी मारावे लागतात.

आमच्या घरातली गोष्ट

सरकारवर एवढे बोललो, आता स्वतःकडे बघू. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला लाखो शेतकरी बाया जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण अंगणातल्या कोंबडीचे काय?

कोंबडी बाईची, असे सगळेच म्हणतात. दाणा घालताना ती बाईची असते. पाहुणा आला की ती घराची होते. आखाडात सोयरे जमले की कोणाला न विचारता चांगली तलंग कापली जाते, आणि बाईने श्रावणाआधी भाव असताना विकायला ठेवलेला पक्षी ताटात येतो. श्रावण लागला की गिऱ्हाईक नाही, भाव पडलेला. अंडी विकून डब्यात साठवलेले शंभर-दोनशे रुपये 'फवारणीला कमी पडतात' म्हणून आम्हीच मागून घेतो. परत दिल्याचे आठवते का कोणाला? आम्हाला आठवत नाही.

सरकार कापसाला रास्त भाव देत नाही म्हणून आपण त्याला लुटारू म्हणतो. घरात कोंबडी नव्वद रुपयेही न देता कापणाऱ्याला काय म्हणायचे?

आणि एक शिकण्यासारखी गोष्ट कोंबडीवाल्यांकडूनच घ्या. अंड्याचा भाव व्यापारी पाडत होते तेव्हा, 1982 साली, डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने शेडवाले उत्पादक एकत्र आले आणि अंडी समन्वय समिती काढून भाव स्वतः जाहीर करू लागले. जाहीर केलेला भाव रोज मिळतोच असे नाही. पण माल पिकवणाऱ्याने भाव उच्चारायचा, ही रीत पडली. आपल्या गावच्या बाया मात्र एकेकट्या बाजारात जातात, दोन पाय बांधलेली कोंबडी घेऊन, आणि व्यापारी म्हणेल तो भाव घेऊन येतात, कारण संध्याकाळची गाडी चुकते. दहा बायांनी मिळून भाव ठरवला आणि वजनावर विकायचे म्हटले तर दहापैकी आठ दिवस व्यापाऱ्याला ऐकावे लागेल.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

पुढच्या जिल्हा बैठकीत कापसाच्या आणि ज्वारीच्या ठरावांबरोबर हे ठराव मांडले जातील. गावात वाचून दाखवा, दुरुस्त्या सुचवा.

1. रोगनियंत्रणासाठी मारलेल्या अंगणातल्या पक्ष्याची भरपाई जवळच्या आठवडी बाजारातल्या गावरान भावाने मिळावी. शेडच्या दराने नको.

2. रोग कळवण्याआधी मेलेल्या, पण पंचनाम्यात सापडलेल्या पक्ष्यांचीही भरपाई मिळावी. पहिल्यांदा कळवणाऱ्याला शिक्षा नको.

3. भरपाईचा पैसा कोंबडी पाळणाऱ्या बाईच्या खात्यावर जमा व्हावा.

4. राणीखेतची लस लहान कुपीत मिळावी. तोवर दवाखान्याने प्रत्येक गावाला लसीचा ठरलेला दिवस द्यावा.

5. पिल्ले वाटणाऱ्या योजनांत शंभर पिल्ले की त्याच रकमेची लस, जाळी आणि पक्के खुराडे, हे निवडायचे स्वातंत्र्य बाईला असावे.

6. आणि हा ठराव सरकारकडे पाठवायचा नाही, घरी न्यायचा आहे. कोंबडी कापायची असेल तर मालकिणीला विचारून, आणि बाजारभाव डब्यात टाकून.

सहाव्या ठरावाला मांडवात पुन्हा हसू येईल. येऊ द्या. पण ठरावाला हात वर करताना आजूबाजूला न बघता करा. पहिल्या पाच ठरावांसाठी सरकारशी भांडावे लागेल, वर्षे जातील. सहावा आज रात्रीपासून अमलात येऊ शकतो.

आणि मागच्या रांगेतल्या त्या बाईला निरोप: ताई, हिशेब मांडला आहे. चुकला असेल तर बैठकीला या आणि फळ्यावर दुरुस्त करा. या वेळी खडू तुमच्या हातात असेल.